सवतीचा टाक

माथेरानला प्रेम करायला येणाऱ्या माणसांचा जयवंताला मनापासून तिटकारा होता. जोडपी यायची, दोन दिवस राहायची, प्रत्येक पॉइंटवर जाऊन एकमेकांचे फोटो काढायची आणि जेवायला बसली की दोघं दोन मोबाईलमध्ये तोंड घालायची. एखादा नवरा बायकोला घास भरवायचा, पण तो फोटोपुरता. फोटो नीट आला की पुढचे घास ज्याचे त्याने खायचे. जयवंता हॉटेलच्या स्वयंपाकघरातून हे बघायची आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची. तिचं मत पक्कं होतं. ज्याला खरोखर कुणाची माया असते तो तिला घेऊन डोंगर चढत नाही. तो घरी बसून तिच्यासोबत लसूण सोलतो.

हे ती ऐकीव सांगत नव्हती. खोपोलीला शिळफाट्यावर तिची आणि आवडीची खाणावळ होती. पुढच्या खोलीत चार बाकडी, मागच्या खोलीत दोघींचा संसार. कंपन्यांतले कामगार आणि ट्रकवाले जेवून गेले की आवडी पाय पसरून बसायची आणि उद्याचा लसूण सोलायची, जयवंता तांदूळ निवडायची. अशी सोळा वर्षं गेली. जयवंताचं लग्न झालेलं नव्हतं. बाप लवकर गेला, भावांनी मनावर घेतलं नाही आणि तिनंही त्यांना आठवण करून दिली नाही. आवडीचं लग्न झालं होतं, कर्जतजवळच्या बुधाजीशी. दोन वर्षांत मूल झालं नाही म्हणून बुधाजीनं पंचांसमोर सोडचिठ्ठी दिली आणि आवडीचा भाऊ नामा यानं ती स्वतःच्या हातानं घेतली. सही त्याचीच होती. मग बुधाजीनं दुसरी केली, आणि आवडी शिळफाट्यावर भाकऱ्या थापायला लागली. जयवंता तिला तिथंच भेटली. लोक त्यांना मैत्रिणी म्हणायचे. जास्त कुणी विचारलं नाही, कारण लोकांना भाकरी वेळेवर मिळत होती.

माघात आवडी गेली. पोटात गाठ होती, तीन महिने अंथरुणावर होती. त्या तीन महिन्यांत नामा एकदाही आला नाही. गेली त्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी आला, बायको आनंदीबाई आणि मुलगा जितेश यांना घेऊन. भावकी जमली. मयताभोवती बसून माणसांना काहीतरी बोलावंच लागतं, तसं एका म्हातारीनं म्हटलं की नवरा जिवंत आहे, म्हणजे आवडी सवाष्णच गेली. हे सगळ्यांना फार आवडलं. सोडलेली बाई मेली यात काही मान नव्हता, सवाष्ण गेली यात होता. अठरा वर्षांपूर्वीची सोडचिठ्ठी तिथंच सगळ्यांच्या डोक्यातून पुसली गेली. हिरवी साडी आणायला एकजण बाजारात गेला आणि जितेश मोटारसायकलवर बुधाजीला आणायला गेला.

बुधाजी दुपारी आला. तोवर मयत तसंच ठेवलं होतं. त्यानं कुंकवाचं बोट पुढं केलं, आवडीच्या तोंडाकडं बघितलं आणि हळूच नामाला विचारलं, "हीच ना?"

नामानं मान हलवली. बुधाजीनं कुंकू लावलं आणि बायका मोठ्यानं रडल्या.

जयवंता तेव्हा आत चाळीस माणसांचा चहा करत होती. साखर कुठं आहे ते तिलाच ठाऊक होतं, म्हणून तिलाच करायला लावला. आनंदीबाई एकदा आत डोकावली आणि म्हणाली, "बाय, साखर जरा बेताची टाक." दुःखाच्या दिवशी जयवंताला कुणी म्हटलेलं तेवढंच.

तेराव्यानंतर नामानं सांगितलं की खोल्या आवडीच्या नावावर आहेत, तिथं जितेश आता चायनीज घालणार. जयवंतानं एक पेटी घेतली आणि पोळपाट घेतला. माथेरानच्या एका हॉटेलला मराठी जेवण करणारी बाई पाहिजे होती. चैत्रात ती वर आली.

वर गाड्या चालत नाहीत. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी येते, तिथून पुढं माणसं चालत, नाहीतर घोड्यावर, नाहीतर माणसानं ओढायच्या हातरिक्षात. माल मात्र बराचसा घोड्यांवरच. जयवंताच्या हॉटेलची भाजी आणि किराणा घेऊन रोज सकाळी सहाला नूरबानो यायची. एक्केचाळीस वर्षांची, उंच, सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. बापाचे दोन घोडे होते. बाप वारला, भाऊ फुरकान खाली नेरळजवळ गॅरेज चालवत होता आणि त्याला घोड्याच्या लिदीचा वास सहन होत नव्हता. म्हणून घोडे हिच्याकडं आले. सगळ्या दस्तुरीत मालाचा घोडा हाकणारी बाई ही एकटी. बाकीचे घोडेवाले आधी हसले, मग वैतागले, मग त्यांना सवय झाली.

पहिल्याच दिवशी दोघींचं भांडण झालं. नूरबानोनं टोमॅटो खाली आणि बटाटे वर बांधून आणले होते. जयवंतानं गोणी उघडून तो चिखल बघितला आणि विचारलं की हे असं बांधायला कुणी शिकवलं.

"घोड्यानं," नूरबानो म्हणाली. "जड वर ठेवलं नाय तर त्याच्या पाठीला लागतं. तुझ्या टोमॅटोपेक्षा त्याची पाठ माझ्या कामाची."

"मग टोमॅटो वेगळ्या पिशवीत आणायचे. हात हायत ना दोन?"

"एक हात लगामाला लागतो. तू ये एक दिवस, तुझ्या डोक्यावर देते टोमॅटो."

दुसऱ्या दिवशी टोमॅटो वेगळ्या पिशवीत आले. नूरबानोनं ती पिशवी काही न बोलता ओट्यावर ठेवली आणि जयवंतानं काही न बोलता चहाचा कप पुढं केला. पुढं रोजच असं व्हायला लागलं. मागच्या दाराच्या पायरीवर नूरबानो चहा प्यायची आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवायची. या बाबतीत दोघींचं छान जमायचं. जयवंताला वाटायचं की माणसांची कीव न करता त्यांना नुसतं तुच्छ लेखणं आपल्यालाच जमतं. पण नूरबानो त्यात पुढं होती. घोड्यावर बसल्या बसल्या किंचाळणारे, घोड्याला मारू नका म्हणून सांगून स्वतः शंभर किलोचे बसणारे, घोड्याला चिप्स भरवणारे, सगळ्यांच्या ती हुबेहूब नकला करायची. आपल्या नवऱ्याचीही करायची. महाडकडं तिचा निकाह झाला होता, आठ महिने टिकला. "त्याला बायको नको होती, म्हैस पायजे होती," ती म्हणायची. "मी म्हटलं, मला घोडे माहीत हायत, म्हशीतलं मला कळत नाय." आणि परत आली. दुसऱ्या लग्नाचं घरच्यांनी काढलं तेव्हा तिनं आईला सरळ सांगितलं की मला पुरुषाची गरज नाही आणि कधी नव्हती. आई सहा महिने बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण घोड्यांबद्दलच बोलायची.

जयवंतानं मात्र आवडीबद्दल एवढंच सांगितलं होतं की खाणावळीत भागीदार होती आणि वारली.

मे महिन्यात एकदा वडे तळताना तेल उडालं आणि जयवंताचं मनगट भाजलं. नूरबानोनं खोगिराच्या पिशवीतून पिवळं मलम काढलं. घोड्याची पाठ सोलवटली की लावायचं ते मलम. जयवंतानं हात मागं घेतला तर ती म्हणाली, "नवाबला चालतं ते तुला चालंल. तो तुझ्यापेक्षा नाजूक हाय." मलम लावून झालं तरी तिनं हात सोडला नाही. जयवंतानंही तो ओढून घेतला नाही. तव्यावरची पोळी करपली, ते दोघींनाही वासावरून कळलं, पण उठायला वेळ लागला.

पुढच्या मंगळवारी हॉटेल रिकामं होतं. दुपारची भांडी आवरून जयवंता तबेल्यामागच्या नूरबानोच्या खोलीवर गेली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत आली. मधले चार तास त्या दोघींचे. त्यानंतरचे मंगळवारही तसेच गेले. पावसाळ्यात बाकीची बरीच हॉटेलं बंद झाली, पण शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी मालकानं जयवंताला ठेवून घेतलं. तिनं राहायचं का कबूल केलं ते मालकाला कधी कळलं नाही. त्याला वाटलं आपण भला माणूस आहोत.

श्रावणात मात्र तिनं जाणं थांबवलं. कारण काही घडलं नव्हतं. एका मंगळवारी नूरबानोच्या खोलीत ती पोट धरून हसली आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आवडीला जाऊन सहा महिनेच झालेत. ती उठून निघून आली, आणि तेव्हापासून जेवढा तिटकारा तिला जोडप्यांचा होता तेवढाच स्वतःचा यायला लागला. विधवा झालेल्या बाईला किती दिवस काय करायचं आणि काय करायचं नाही हे सांगणारे शंभर जण असतात. जयवंताला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती कुणाची कोणी नव्हती. त्यामुळं दिवस कधी संपले हेही तिला कळायला मार्ग नव्हता. वर्ष पुरं होईपर्यंत थांबायला हवं होतं का? की आयुष्यभर? नूरबानो रोज माल आणायची, चहा प्यायची आणि काही विचारायची नाही. एकदाच म्हणाली, "नवाब विचारत व्हता तुला." जयवंता हसली नाही.

अशात भाद्रपद लागला, पितृपंधरवडा आला आणि पंचमीच्या दिवशी नामा आणि आनंदीबाई हॉटेलच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले.

दस्तुरीला माणशी कर घेतला म्हणून नामा संतापलेला होता. नात्यातल्या माणसाला भेटायला यायलासुद्धा कर का, असं त्यानं दोनदा विचारलं. नात्यातलं माणूस म्हणजे जयवंता असं तो धरून चालला होता, तेव्हा काहीतरी काम आहे हे तिच्या लगेच ध्यानात आलं. आनंदीबाईनं तिला जवळ घेतलं, वाळलीस म्हणाली, आणि चहा पिता पिता काम बाहेर आलं.

बुधाजीची दुसरी बायको भाग्यश्री आजारी होती. उभी राहिली की चक्कर यायची, जिना चढली की धाप लागायची, केस गळायचे. खालापूरकडच्या एका देवऋषीकडं नेलं. त्यानं सांगितलं की पहिलीचा जीव हिच्यावर आहे, तिची समजूत काढायला पाहिजे. म्हणजे टाक. पहिली बायको मेली की दुसरीनं तिच्या नावाचा, बाईची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक करून गळ्यात घालायचा आणि रोज त्याला हळदकुंकू वाहायचं, ही जुनी चाल. मग सवत त्रास देत नाही. येत्या नवमीला, सवाष्ण गेलेल्या बाईच्या तिथीला, टाक घालायचा ठरला होता. तोही आवडीचा जीव जिथं गेला तिथंच, शिळफाट्यावरच्या खोलीत. बुधाजीची जमीन फार्महाउसवाल्यांना गेल्यापासून त्याच्या शब्दाला वजन आलं होतं, आणि जितेशला तो कुठंतरी चिकटवणार होता. त्यामुळं सगळं व्यवस्थित व्हायला हवं होतं. नामाला वाटत होतं की स्वयंपाक जयवंतानं करावा. आवडीला तिच्याच हातचं आवडायचं.

आवडीला काय आवडायचं हे नामाला ठाऊक होतं हे ऐकून जयवंताला नवल वाटलं.

"अजून एक," नामा म्हणाला. "चायनीजचं काय खरं नाय. जितेशला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाय. तू ये परत. खाणावळ चालव. मागली खोली तुझीच, आमी काय तुला परकी समजत नाय."

जयवंतानं विचार करते म्हणून सांगितलं. त्यांना परत पाठवलं आणि पायरीवर बसून राहिली. तिला ती खोली हवी होती. हे तिला स्वतःलाही कबूल करायला लाज वाटत होती. ज्या माणसांना ती दारात उभं करायच्या लायकीचं समजत नव्हती, त्यांनीच तुझी खोली म्हटल्यावर तिला बरं वाटलं होतं. त्या खोलीतला प्रत्येक खिळा आवडीनं ठोकला होता. नवमीला स्वयंपाक केला तर निदान एकदा तरी आवडीच्या नावानं तिला काही करायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी नूरबानोनं गोण्या उतरवल्या आणि तोंड बघूनच विचारलं की काय झालं. जयवंता सांगायला लागली. आधी तिनं नामाची टिंगल केली, बुधाजीची केली, मग टाकाचं सांगितलं. नूरबानोला टाक माहीत नव्हता. तिनं नीट विचारून घेतलं.

"म्हंजे पैली मेली की दुसरीनं घालायचा?"

"हां."

"पैलीची आठवण म्हणून?"

"आठवण कसली. भीती म्हणून. पैलीनं दुसरीला त्रास देऊ नये म्हणून."

"आनी हे तुमच्यात नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला घालतात."

"मग कुणाला घालणार?"

नूरबानो घोड्याच्या पट्ट्याची गाठ सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग तो माझ्या गळ्यात पायजे. आवडीच्या मागून मी आले. ती भाग्यश्री कशाला घालते?"

जयवंतानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. तिनं या बाईला आवडीबद्दल भागीदार यापलीकडं एक शब्द सांगितला नव्हता.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?" तिनं शेवटी विचारलं.

"तू पैल्या दिवशी ओट्यावर दोन कप काढून ठेवले व्हतेस, जोडीनं राहिलेली बाई काढते तसे. मला बघायच्या आधी. तेव्हापासून." गाठ सुटली. "मूर्तीबिर्ती मी गळ्यात घालणार नाय, आमच्यात चालत नाय. पण तिला माझा राग यायचा असंल तर माझ्यावर येऊ दे. त्या आजारी बाईवर कशाला? आनी राग नसंल येत, तर तू एवढी तोंड पाडून का बसतेस ते मला सांग."

जयवंता गोणीतले बटाटे काढायला लागली. नूरबानो म्हणाली की तुला खोली घ्यायची तर घे, पण मला सांगून घे. मी रोज सकाळी सहाला इथं गोणी घेऊन येईन आणि तू नसशील, असं मला कळायला नको.

नवमीला जयवंता खाली उतरली.

शिळफाट्यावरच्या खोलीला गुलाबी रंग दिला होता आणि भिंतीवर ड्रॅगन काढला होता. ड्रॅगनचं तोंड मांजरासारखं दिसत होतं. मागच्या खोलीत सॉसचे खोके, कोबीची पोती आणि एक तुटका फॅन. खिळे होते तसेच होते. एकाला जितेशचा शर्ट अडकवला होता. जयवंता उभी राहून बघत राहिली आणि तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. ही एक अंधारी, तेलकट खोली होती. आवडी कुठंही नव्हती. इतके दिवस ती काय आठवत होती ते इथं नव्हतंच.

तिनं गॅस पेटवला. पुरण, खीर, आळू, वडे, आमटी, सगळं हाताला पाठ. बाहेर बुधाजी आला, खुर्चीत बसला आणि फार्महाउसवाल्यांच्या गोष्टी सांगायला लागला. भावकीतले पाच-सात जण हो ला हो करत होते. आनंदीबाई टाक दाखवत फिरत होती. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी बाई. बाई कुणीही असू शकली असती. आनंदीबाई म्हणत होती की आवडी फार सोशिक होती, शेवटपर्यंत नवऱ्याचं नाव घेत होती. जयवंतानं आतून हे ऐकलं. आवडी बुधाजीचं नाव घ्यायची हे खरं होतं. जास्तीचं तेल पडलेल्या भाजीला ती बुधाजी म्हणायची.

मग भाग्यश्री पाणी प्यायला आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. पस्तीस-छत्तीसची असेल. नवं लुगडं तिच्या अंगावर टांगल्यासारखं दिसत होतं. ओठ पांढरे पडले होते. जयवंतानं हिचाही तिरस्कार करायचं घरून ठरवून आणलं होतं, ते राहून गेलं.

"तुमी त्यांच्यासंगं ऱ्हायच्यात ना?" भाग्यश्रीनं विचारलं. "लई रागीट व्हत्या का वो?"

"का गं?"

"मला लई भ्या वाटतंय. मी काय त्यांचा संसार मोडला नाय. मला तर ठाऊकसुदिक नव्हतं, लगीन झाल्यावर कळलं. पण त्यांना कसं सांगणार? हे म्हणतात टाक घाल, मग ती शांत व्हईल. आनी नाय झाली तर? जन्मभर तिला गळ्यात घेऊन बसायचं?"

जयवंतानं पातेल्याखालचा गॅस बारीक केला. तिच्याजवळ बसली आणि तिच्या डोळ्याखालची कातडी बोटानं खाली ओढून बघितली. आत लाली नव्हतीच.

"पाळी लई जाते का?"

भाग्यश्रीनं दाराकडं बघितलं आणि मान हलवली.

"किती दिवस?"

"बारा, पंधरा. कवा कवा थांबतच नाय."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"त्यांना कसं सांगू असलं?"

"मग ऐक. आवडी तुझ्या अंगात नाय. तुझ्या अंगात रक्त नाय. उद्या दवाखान्यात जा, एकटी जा नायतर आईला घेऊन जा."

"पण देवऋषी..."

"देवऋषीला तुझी पाळी दिसली का?" जयवंता म्हणाली. तिचा आवाज वाढला होता, तो तिनं खाली आणला. "आवडी सोळा वर्षं माझ्या अंथरुणात झोपली. तुमी नवराबायको झोपता तशी. समजलं का मी काय म्हणते ते?"

भाग्यश्री तिच्याकडं बघत राहिली. मग हळूहळू मान हलवली.

"तर तिनं कुणाला त्रास द्यायचा असंल तर तो मला दिला असता. तिला जाऊन आठ महिनेसुदिक झाले नायत, आनी मला दुसरी मिळाली. माथेरानला. घोडेवाली हाय. मी तिच्यासंगं हसते, जेवते, सगळं करते. मला कधी चक्कर आली नाय, माझा एक केस गळला नाय. माझ्यावर ती रागावली नाय, तर तुझ्यावर कशाला रागावंल? तुझ्या नवऱ्याचं तर तिला तोंडसुदिक आठवत नव्हतं."

हे सगळं तिनं भाग्यश्रीला धीर द्यायला म्हणून सांगितलं. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण पहिल्यांदाच ऐकतोय. श्रावणापासून ज्या हिशोबात ती अडकली होती, किती महिने, किती दिवस, तो हिशोब करायला तिला आवडीनं कधी सांगितलंच नव्हतं. आवडी असती तर नूरबानोच्या नकला बघून तिनंही पोट धरलं असतं आणि मग टोमॅटोवरून तिच्याशी भांडलीही असती.

भाग्यश्रीनं तांब्यातलं पाणी संपवलं. मग भिंतीला धरून उठली, बाहेर गेली आणि म्हणाली की मी टाक घालणार नाही, मला दवाखान्यात जायचंय.

पुढचा गोंधळ सांगण्यासारखा नाही. बुधाजीनं सगळ्यांदेखत तिला गप्प बस म्हणून सांगितलं. ती गप्प बसली, पण टाक घालू द्यायला मान पुढं केली नाही. देवऋषीला फोन लावला, त्यानं उचलला नाही. नामा स्वयंपाकघरात आला. त्याचे कान लाल झाले होते. जितेशचं काम आता बोंबललं, असं म्हणून त्यानं विचारलं की तिला तू काय सांगितलंस.

जयवंतानं त्यालाही सांगितलं. तेच शब्द, फक्त घोडेवालीचं सोडून. ते त्याच्या कानांच्या लायकीचं नव्हतं. तिला वाटलं तो ओरडेल, नाहीतर कानांवर हात ठेवेल. सोळा वर्षं ती याच घटकेला घाबरली होती आणि हीच घटका यावी म्हणून थांबलीही होती.

नामा खाली बघत राहिला. बोलली ती आनंदीबाई, त्याच्या पाठीमागून, सहज, वरण लागलंय का विचारावं तशी.

"ते आमाला ठाऊकच व्हतं गं. पैल्यापासून. असलं बोलायचं नसतं."

ठाऊक होतं. बुधाजीला कुंकू लावायला आणला तेव्हा ठाऊक होतं. साखर बेताची टाक म्हणाली तेव्हाही ठाऊकच होतं. जयवंताला राग येईल असं वाटलं, पण आला नाही. या माणसांकडून ती जे मागत होती ते त्यांच्याकडं आधीपासून होतं, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. तिलाही नव्हता.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पिशवी उचलली.

"आता कुटं चाललीस?" आनंदीबाईनं विचारलं. "वाढायचं कुनी? खोलीचं काय?"

"वर चालले. खोलीत सॉस ठेवा."

ती मागच्या दारानं बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा आनंदीबाई धापा टाकत मागं आली. जयवंता थांबली. क्षणभर तिला वाटलं, काहीतरी बोलेल.

"बाय," आनंदीबाई म्हणाली, "आमटीत मीठ घातलंयस का?"

जयवंतानं घातलं नव्हतं. "घातलंय," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.

कर्जतला गाडी बदलताना तिनं नूरबानोला फोन लावला. मागं घोडा फुरफुरत होता आणि कुणीतरी लोखंड ठोकत होतं. खोली नको म्हणून सांगितलं, तसं नूरबानोनं बरं म्हटलं. मग जयवंतानं आवडीचं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, आणि मधे गाडी आली तरी चढली नाही, पुढच्या गाडीसाठी थांबली. नूरबानो हां हां करत राहिली. एकदा कुणालातरी खिळा वाकडा गेला म्हणून शिवी दिली.

"मी येते," शेवटी जयवंता म्हणाली. "दस्तुरीला येशील?"

"नवाबचा नाल निघालाय. तो बसवल्याशिवाय मला हलता येत नाय. तू चालत ये."

"तीन किलोमीटर हाय."

"मग लवकर निघ," नूरबानो म्हणाली.